सांबऱ्याच्या कुंपणापासून किती लांब? बेळगाव भागात ड्रोन उडवण्याआधी

लग्नसराई आली, जत्रा जवळ आली की फोन सुरू होतात. "काका, आमच्यात ड्रोन उडवला तर चालतंय काय?" मी आधी विचारतो, "गाव कुठलं तुमचं?" पोरं वजन सांगू लागतात, कंपनी सांगतात, कॅमेरा किती भारी आहे ते सांगतात. ते सगळं नंतर. आपल्या भागात पहिला हिशोब जागेचा आहे, आणि तो सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणापासून सुरू होतो.

मी हवाई दलात विमानांच्या देखभालीत नोकरी केली. शिकायला सुरुवात इथेच, सांबऱ्याच्या तळावर. निवृत्त झाल्यावर मुतग्याला परत आलो, भातशेती बघतो, आणि सुटे भाग जोडून लहान ड्रोन बनवणं ही माझी हौस आहे. पण घराच्या गच्चीवरून मी तो उडवत नाही. बॅटरी भरायला हरकत नाही, पंखे काढून मोटर तपासायला हरकत नाही. उडवायचा झाला की दुचाकीवर पिशवी टाकून पश्चिमेला, उचगावच्या पुढं जातो. गल्लीतली पोरं विचारतात, एवढं लांब कशाला जाता? त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं म्हणून हे लिहितो आहे.

आधी अंतर मोजा

ड्रोन नियम ऑगस्ट 2021 मध्ये आले. त्यांनी आकाशाचे तीन रंग केले. हिरव्या भागात उड्डाणाची परवानगी मागावी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे हौशी माणसानं तो विषय सोडूनच द्यायचा.

विमानतळाजवळ हे रंग असे पडतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरच्या बाहेर, दुसरा काही अडथळा नसेल तर, जमिनीपासून 120 मीटर म्हणजे 400 फुटांपर्यंत हिरवा. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 60 मीटर म्हणजे 200 फुटांपर्यंत हिरवा, त्याच्या वर पिवळा. 8 किलोमीटरच्या आत हिरवं काही नाही. अगदी कमरेइतक्या उंचीवर उडवला तरी नाही. कुंपणाला लागून असलेला भाग तर नकाशावर लालच असतो.

यात दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात. एक, अंतर धावपट्टीच्या मधोमध किंवा टर्मिनलच्या दारापासून मोजतात. ते हद्दीपासून मोजायचं, आणि हद्दीचा जो कोपरा तुमच्या सर्वांत जवळ आहे तिथून. दोन, रस्त्याचं अंतर धरतात. बागलकोट रोडने बसच्या तिकिटावर जे अंतर येतं त्याचा इथं उपयोग नाही. फोनमधल्या नकाशात सरळ रेषेत अंतर मोजायची सोय असते, ती वापरा. रस्ता वळसे घेतो, ड्रोन घेत नाही. रस्त्याने 10 किलोमीटर भरणारं शेत सरळ रेषेत 8 च्या आत येऊ शकतं.

मी स्वतः अशा रेघा मारून बघितल्या, त्याचा अंदाज सांगतो. सांबरा, मुतगा, निलजी, मोदगा, बाळेकुंद्री, मारिहाळ, सुळेभावी ही गावं 8 किलोमीटरच्या आत. कणबर्गी आत. हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौधही आत. बेळगाव शहराचा मोठा भाग, म्हणजे खडेबाजार, शहापूर, कपिलेश्वरचा परिसर, हा 8 ते 12 च्या पट्ट्यात येतो. टिळकवाडीच्या बाजूला तो पट्टा संपत येतो. पश्चिमेला उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी आणि येळ्ळूरचा राजहंसगड 12 च्या बाहेर पडतात. पण हा माझा अंदाज झाला. शेवटचा शब्द डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशाचा. तो उघडायला पैसे लागत नाहीत, आणि उड्डाणाआधी तिथं निर्बंध आहेत का ते बघणं हे नियमानंच तुमच्यावर टाकलेलं काम आहे. मागच्या महिन्यात बघितला होता, हे चालत नाही. त्या दिवशीचा बघायचा.

ड्रोनच्या अ‍ॅपमध्येही एक नकाशा असतो. त्यावर विसंबू नका. तो कंपनीनं आपल्या सोयीनं केलेला असतो. अ‍ॅपनं अडवलं नाही म्हणजे सरकारनं परवानगी दिली असा अर्थ होत नाही.

पंत बाळेकुंद्रीच्या उत्सवाला आणि सुळेभावीच्या महालक्ष्मीच्या जत्रेला वरून चित्रण करावं असं कुणालाही वाटेल. पालखी, गर्दी, दिवे, सगळं वरून किती देखणं दिसेल, हे मलाही कळतं. तरी माझं उत्तर नाही असंच असतं. ती गावं विमानतळाच्या उंबऱ्यावर आहेत. देवळाच्या शेजारच्या उंच गच्चीवर किंवा लांब खांबावर कॅमेरा लावा, चांगलं चित्र मिळतं.

विमान तर एवढं वर असतं की

हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं, म्हणून आकडे देतो. उतरणारं प्रवासी विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं खाली येतं. त्या हिशोबानं धावपट्टीच्या टोकापासून 5 किलोमीटरवर ते जमिनीपासून साधारण 260 मीटरवर असतं. 2 किलोमीटरवर आलं की 105 मीटर. म्हणजे तुमचा ड्रोन 120 मीटरवर असेल तर तो विमानाच्या वर आहे. डोक्यावरून जाणारं विमान मोठं दिसतं, आवाज मोठा येतो, त्यामुळं उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही. विमानातल्या माणसाला तर ड्रोन सहसा दिसतच नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगात अर्धा किलो वजनाची करडी वस्तू समोरून येते तेव्हा ओळखायलाही वेळ मिळत नाही.

पक्षी धडकल्यावर विमानाचं काय होतं ते मी कामावर असताना जवळून पाहिलं आहे. पाती वाकतात, काचेला तडे जातात. पक्ष्याचं अंग मऊ असतं. ड्रोनमध्ये धातूच्या मोटरी असतात आणि ठेचली की पेट घेणारी लिथियम बॅटरी असते.

सांबऱ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला पाहिजे. इथं नुसती प्रवासी विमानं नाहीत. वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची छोटी, एका इंजिनाची विमानं इथून उडतात. शिकाऊ वैमानिक धावपट्टीभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतो, उतरतो, लगेच उठतो. त्यांची वाट प्रवासी विमानासारखी ठरलेली लांब सरळ रेघ नसते. आणि इंजिनानं दगा दिला तर ते विमान समोर दिसेल त्या शेतात उतरवावं लागतं. मे 2023 मध्ये होन्निहाळच्या शिवारात असं एक प्रशिक्षण विमान तातडीनं उतरवावं लागलं होतं. अशा वेळी ते विमान 120 मीटर, 60 मीटर, 20 मीटर अशा सगळ्या उंचीवरून खाली येतं, आणि नेमकं कुठल्या शेतावरून ते कुणालाच आधी माहीत नसतं. त्या दोन मिनिटांत शेजारच्या बांधावरून कुणी हौसेनं ड्रोन वर काढलेला नको. सांबऱ्याच्या पंचक्रोशीत भर दुपारी, एकही प्रवासी विमान नसताना, "आत्ता काय हरकत आहे" म्हणणाऱ्याला मी होन्निहाळची आठवण करून देतो.

वाऱ्याचाही विचार करा. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, खानापूर-जांबोटीच्या बाजूनं येतो. शहरातून उडवलेला ड्रोन वाऱ्यानं ओढला तर तो पूर्वेला जातो, म्हणजे नेमका सांबऱ्याकडं. शिवाय विमानं वाऱ्याला तोंड देऊन उठतात आणि धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळं पश्चिमेचा वारा असला की उठणारी विमानं शहराच्या दिशेनं येतात. जून ते ऑगस्ट शहराच्या पूर्व भागात हलका ड्रोन काढूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. 250 ग्रॅमच्या ड्रोनला तो वारा कापत परत येणं बॅटरी अर्धी असतानाही जमत नाही.

60 मीटर म्हणजे खरंच 60 मीटर

शहरात राहणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. शहापुरात किंवा वडगावात तुम्ही कायद्यानं 60 मीटरपर्यंत उडवू शकता, नकाशावर त्या जागी दुसरा काही निर्बंध नसेल तर. पण हात रिमोटवर असताना 60 वर थांबणं वेगळं आणि यंत्र आपण होऊन 60 वर थांबणं वेगळं.

बहुतेक कॅमेऱ्याच्या ड्रोनमध्ये आरटीएच (रिटर्न टू होम) असतं, म्हणजे सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की तो आपण होऊन परत येतो. परत येताना तो आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, मग जिथून सोडला त्या जागेकडं सरळ येतो. ही ठरलेली उंची अनेक ड्रोनमध्ये 60 मीटरपेक्षा जास्त असते आणि बहुतेक लोकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते. तुम्ही 40 मीटरवर निवांत चित्रण करत असता, एखाद्या इमारतीआड सिग्नल जातो आणि ड्रोन सरळ 100 मीटरवर चढतो. तुमच्या हातून काहीही झालं नाही आणि तुम्ही पिवळ्या भागात शिरलात. म्हणून शहरात उडवायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन दोन आकडे बदला. कमाल उंची 55 मीटर करा, आरटीएचची उंची 50 करा. पाच-दहा मीटर हातचे ठेवायचे, कारण हवेच्या दाबावरून मोजलेली उंची थोडी इकडं तिकडं होते. 50 मीटरवर आजूबाजूला त्याहून उंच काही नाही ना, मोबाइलचा टॉवर नाही ना, हेही बघून घ्या. असेल तर ती जागाच बदला.

डोंगरावर याच्या उलट भानगड होते. राजहंसगडावर, महिपाळगडावर किंवा तिलारीच्या बाजूला दरीच्या काठावर उभं राहून तुम्ही ड्रोन सोडता. पडद्यावर दिसणारी उंची ही तुम्ही जिथून सोडला त्या जागेपासूनची असते. ड्रोनच्या खाली जमीन किती खोल गेली ते त्या आकड्यात येत नाही. नियम मात्र जमिनीपासूनच्या उंचीचा आहे. समजा गडावरून तुम्ही 80 मीटर वर गेलात आणि पुढं दरीवर नेलात. खाली शिवार गडापेक्षा 100 मीटर खोल असेल तर ड्रोन जमिनीपासून 180 मीटरवर आहे. 120 ची मर्यादा केव्हाच ओलांडली. पडद्यावर अजून 80 च दिसतं. गडावरून चित्रण करायचं तर तटबंदीच्या आसपासच ठेवा, आणि दरीकडं नेताना उंची कमी करत न्या. काही ड्रोनमध्ये खालच्या जमिनीचा अंदाज घेणारी सोय असते, पण ती दरीसारख्या खोल जागी काम देत नाही.

विमानतळ सोडून बाकीच्या जागा

बेळगाव हे लष्कराचं गाव आहे. कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, कमांडो प्रशिक्षणाची जागा, सैनिकी शाळेचा परिसर, किल्ल्याच्या आतबाहेरचा भाग. 8 ते 12 चा हिशोब इथं लावू नका. सकाळी पोरं परेड करताना छान दिसतात म्हणून कुणी कॅम्पच्या रस्त्यावरून ड्रोन वर काढला तर सैनिक येतील, आणि ते योग्यच करतील. आत राहणाऱ्या कुटुंबांची, शस्त्रागाराची, येण्याजाण्याच्या वेळांची चित्रं कुठं जाऊ शकतात याचा विचार करा. हिंडलग्याच्या तुरुंगाजवळ नको. हलभावीला सीमा पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राजवळ नको.

किल्ल्यातली कमलबस्ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. अशा संरक्षित वास्तूंवर ड्रोन न्यायचा तर त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. भीमगड अभयारण्यात वनखात्याची लागते. कणकुंबी-जांबोटीच्या रस्त्यावर थांबून धुक्यातलं जंगल टिपायचा मोह होतो, पण रस्त्याच्या कुठल्या बाजूपासून अभयारण्य सुरू होतं ते आधी वनरक्षकाला विचारा. धरणाच्या भिंतीवरही नको, राकसकोप असो की हिडकल. पाटबंधारे खात्याच्या माणसाला भेटून पाण्याच्या दुसऱ्या बाजूनं, लांबून उडवता येतो का ते विचारलेलं बरं.

सीमा ओलांडली तर नियम बदलतो काय?

आपल्याकडं एका गावाचं शिवार कर्नाटकात आणि पुढचं चंदगड तालुक्यात, असं सारखं होतं. ड्रोनचे नियम केंद्राचे आहेत. बेळगुंदीला जो नियम तोच तुडयेला, तोच निपाणीला आणि तोच कागलला. कागलकरांनी मात्र सांबऱ्याऐवजी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मोजायचं, एवढाच फरक.

बदलतं ते तात्पुरतं. राज्य सरकार किंवा पोलिस एखाद्या भागाला तात्पुरता लाल करू शकतात. असा आदेश किमान पोलिस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी काढतो, एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांसाठी, आणि तो डिजिटल स्कायच्या नकाशावर दाखवावा लागतो. 96 तास संपले की पुन्हा काढता येतो. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली, म्हणजे जुन्या 144 खाली, स्थानिक बंदी येऊ शकते. तिचा रंग नकाशावर दिसेलच असं धरून चालू नका. बेळगाव शहरात पोलिस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागाला जिल्हा पोलिस अधीक्षक आहेत, आणि चंदगडला गेलात की कोल्हापूरचे अधीक्षक. तीन वेगळी कार्यालयं. एकाच्या आदेशावरून दुसऱ्याकडं काय चालू आहे ते कळत नाही.

आपल्या जिल्ह्यात असा बंदोबस्त कधी लागतो हे आपल्याला पाठ आहे. डिसेंबरच्या सुमारास सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हा. 1 नोव्हेंबरच्या आसपास. गणेश विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला. मोठा नेता येणार असेल तेव्हा. निवडणुकीत तर शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं, आणि हेलिकॉप्टर ज्या उंचीवरून येतं ती नेमकी ड्रोनची उंची असते. माणूस बसलेल्या कुठल्याही विमानाला किंवा हेलिकॉप्टरला वाट देणं हे ड्रोनवाल्याचं काम. आवाज आला की शोधत बसू नका कुठून येतंय ते. आधी खाली घ्या.

आदेश बहुतेक वेळा कानडीत निघतो. वाचता येत नसेल तर शेजारच्याकडून नीट वाचून घ्या, तारीख आणि हद्दीची नावं वहीत लिहून घ्या. मिरवणुकीचं चित्रण करायचं असेल तर पोलिस ठाण्यात कानडीत किंवा इंग्रजीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मंडळाच्या अध्यक्षांनी "मी बोललोय साहेबांशी" असं सांगितलं तर ती परवानगी धरू नका. आणि परवानगी मिळाली तरी दाटीच्या डोक्यावरून नेऊ नका. कपिलेश्वर तलावावर विसर्जनाच्या रात्री माणसाला माणूस चिकटलेला असतो. वरून पंखा तुटून पडला तर बाजूला सरकायला कुणाला जागा नाही.

वजन, नोंदणी, कागद

हे भरभर सांगतो, कारण इथं गोंधळ कमी आणि टाळाटाळ जास्त आहे.

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. त्याच्या वर 2 किलोपर्यंत मायक्रो. 2 ते 25 किलो स्मॉल. वजन उडतानाचं धरायचं, म्हणजे बॅटरी, पंख्यांची जाळी, वर चिकटवलेला दिवा, सगळं धरून. खोक्यावर 249 लिहिलं आहे आणि तुम्ही मोठी बॅटरी घातली तर तो नॅनो राहिला नाही. शहापुरात कुठल्याही सराफाच्या काट्यावर ठेवून बघा, ग्रॅमपर्यंत कळेल.

नॅनो उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवायलाही लागत नाही. पण मायक्रोनं लग्नाचं चित्रण करून पैसे घेतले की हौस संपली, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास, आणि मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण. प्रमाणपत्र 10 वर्षं चालतं. औषध फवारणीचे मोठे ड्रोन स्मॉल गटात येतात, त्यांनाही ते लागतं. सांबरा-मारिहाळ भागातल्या शेतकऱ्यांनी फवारणीवाल्याला बोलावण्याआधी नकाशा दाखवायला सांगावं. शेत तुमचं असलं तरी वरचं आकाश विमानतळाचं आहे.

प्रत्येक ड्रोनची नोंदणी करून युआयएन हा ओळख क्रमांक घ्यायचा असतो. शुल्क 100 रुपये. नॅनो आहे म्हणून क्रमांक नको, अशी समजूत करून घेऊ नका. तृतीय पक्ष विमा नॅनो सोडून बाकीच्यांना लागतो. नियम मोडला तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि विमानाला धोका झाला तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच कारणं वगळलेली आहेत. तरीही कुणीतरी ओळखीचा माणूस खोकं आणून देतो, बिल नाही, पावती नाही. त्या ड्रोनची नोंदणी करायला गेलात की अडकता. सुटे भाग आणायला ती बंदी नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, मोटरी, फ्लाइट कंट्रोलर, सांगाडा घ्या आणि स्वतः जोडा. हौसेसाठी, शिकण्यासाठी केलेल्या आणि डोळ्यासमोर उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार प्रमाणपत्राची, म्हणजे त्या बनावटीला सरकारी मान्यता असल्याच्या दाखल्याची, अट नाही. स्वतः जोडलेला ड्रोन पडला तर दुरुस्तही स्वतः करता येतो, आणि त्याच्या आत काय आहे ते कळल्यावर माणूस तो जबाबदारीनं उडवतो, हा माझा अनुभव आहे.

उडवायच्या दिवशी

सकाळी नकाशा उघडून जागेचा रंग बघा आणि पडद्याचं चित्र तारखेसकट जतन करा. कुणी विचारलं तर दाखवायला होतं. जागेवर गेल्यावर लगेच उडवू नका. थोडा वेळ नुसतं उभं राहून आवाज ऐका. विजेच्या तारा, टॉवर, घारी कुठं आहेत ते बघा. शेतमालकाला विचारा, शेजारच्या घरातल्या बायामाणसांना सांगा की अंगणाकडं कॅमेरा नेणार नाही, आणि खरंच नेऊ नका. आरटीएचची उंची तपासा, परत यायची जागा (होम पॉइंट) नोंदली गेली आहे ना ते बघा, मगच पंखे फिरवा. सोबत एक माणूस असू द्या. तुम्ही पडद्याकडं बघाल, त्यानं आकाशाकडं बघायचं. ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढाच लांब न्या. बॅटरी तिसरा हिस्सा उरली की परत फिरवा, समोरून वारा असेल तर त्याच्याही आधी.

आणि तरीही ड्रोन हातातून सुटला, विमानतळाच्या दिशेनं निघाला, रिमोट ऐकत नाही, तर लपवू नका. लगेच 112 ला फोन करून सांगा: कुठून निघाला, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, बॅटरी किती मिनिटांची उरली आहे. विमानतळाचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा आणि तिथंही कळवा. तिथल्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला पाच मिनिटं आधी कळलं तर तो येणाऱ्या विमानाला थांबवून धरू शकतो. मागून कळलं तर त्याच्या हातात काही राहत नाही. अपघात झाला तर 48 तासांच्या आत डिजिटल स्कायवरून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए) कळवावं लागतं. तोपर्यंत ड्रोनचे तुकडे गोळा करून ठेवा, मेमरी कार्ड पुसू नका, आणि फुगलेली किंवा ठेचलेली बॅटरी घरात आणू नका, वाळूच्या बादलीत घालून उघड्यावर ठेवा.